गूगलवर दुकान टाकताना, आणि ते सस्पेंड झाल्यावर

गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल सस्पेंड झाल्याचा मेल आला की दुकानदार पहिल्या अर्ध्या तासात दोनपैकी एक गोष्ट हमखास करतो. एक तर घाईघाईत त्याच पत्त्यावर दुसरं प्रोफाइल उघडतो, नाहीतर 'आमचं दुकान खरं आहे, कृपया चालू करा' एवढंच लिहून अपील ठोकून देतो. दोन्ही अंगाशी येतात. पहिल्यामुळे डुप्लिकेटचा ठपका बसतो आणि दुसऱ्यामुळे हातातली संधी फुकट जाते. तुम्हाला मेल आलेला असेल तर सरळ खाली 'सस्पेंड झालं तर' या भागावर जा. अजून नोंदच केली नसेल तर मात्र सुरुवातीपासून वाचा, कारण सस्पेंड होण्याची बरीचशी कारणं प्रोफाइल भरतानाच पेरली जातात.

हे सगळं गूगल बिझनेस प्रोफाइलबद्दल, म्हणजे गूगलवर आणि मॅपवर शोधल्यावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीबद्दल आहे. २०१४ साली ते 'गूगल माय बिझनेस' या नावाने आलं, नोव्हेंबर २०२१ मध्ये नाव बदललं आणि नंतर त्याचं वेगळं ॲपही बंद झालं. लोक अजून 'जीएमबी' म्हणतात ते त्या जुन्या नावामुळे. यूट्यूबवर ते जुनं ॲप दाखवणारे मराठी-हिंदी व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आता ज्या जीमेलवर प्रोफाइल आहे त्याने लॉगिन करायचं आणि गूगलवर आपल्या दुकानाचं नाव शोधायचं, की बदल करण्याची बटणं तिथेच वर दिसतात. गूगल मॅप्सच्या ॲपमधूनही तेच होतं. हे सगळं फुकट आहे. नोंद करायला, पडताळणीला किंवा अपील करायला गूगल एक पैसाही घेत नाही.

आधी पाहा, तुमचा धंदा यात बसतो का

नियम असा की ठरलेल्या वेळेत तुमची आणि गिऱ्हाइकाची प्रत्यक्ष गाठ पडली पाहिजे. एकतर तो तुमच्याकडे येतो, किंवा तुम्ही त्याच्याकडे जाता. दादरचं साडीचं दुकान यात बसतं. गिऱ्हाइकाच्या घरी जाणारा प्लंबर बसतो, आणि पार्ल्यात घरी स्वयंपाक करून स्वतः डबे पोचवणाऱ्या काकूही बसतात. इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन फक्त कुरिअरने माल पाठवणारा मात्र बसत नाही, मग त्याची उलाढाल कितीही असो.

गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल तर घराचा पत्ता भरायचा, पण लोकांना दाखवायचा नाही. पत्ता लपवायचा आणि त्याऐवजी सेवा कुठे देता ते भाग टाकायचे. असे जास्तीत जास्त २० भाग टाकता येतात, आणि त्यांची हद्द तुमच्या ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या गाडीच्या प्रवासापुरती असावी असं गूगल सांगतं. मुंबईत संध्याकाळी सहाला निघालात तर दोन तासांत कुठवर जाल, हे तुम्हीच ठरवा. 'संपूर्ण महाराष्ट्र' टाकू नका, एवढंच.

को-वर्किंगमधला, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या ऑफिसमधला, भाड्याचा पत्ता हा नव्या लोकांचा आवडता सापळा आहे. अंधेरी किंवा बीकेसीचा पत्ता भारदस्त वाटतो, महिन्याला थोडे पैसे भरले की मिळतो आणि त्यावर जीएसटीही निघतो. पण तिथे तुमचा बोर्ड नसेल आणि कामाच्या वेळेत तुमचं माणूस बसत नसेल, तर गूगलच्या लेखी तो पत्ता तुमचा नाही. त्यापेक्षा भांडुपच्या घराचा पत्ता लपवून सेवा भाग टाकलेले केव्हाही बरे.

जीमेल कोणाचं?

याला कोणी महत्त्व देत नाही आणि पुढे सगळ्यात जास्त भोगावं लागतं ते यातच. प्रोफाइल मालकाच्या जीमेलवर उघडायचं. भाच्याच्या, दुकानातल्या पोराच्या किंवा 'आम्ही सगळं करून देतो' म्हणणाऱ्या एजन्सीच्या जीमेलवर नाही. पोरगा नोकरी सोडून जातो, एजन्सी फोन उचलायची बंद होते आणि दुकानाची चावी त्यांच्या खिशात राहते. शिवाय एजन्सीच्या खात्यावरच गूगलने बंदी घातली, तर त्या खात्याला लटकलेली सगळी प्रोफाइल अडकतात. तुमचा काही दोष नसला तरी.

मालक हा प्रायमरी ओनर, बाकी सगळे मॅनेजर, अशी वाटणी ठेवा. मॅनेजरला वेळा बदलता येतात, फोटो टाकता येतात, रिव्ह्यूला उत्तर देता येतं. प्रोफाइल काढून टाकता येत नाही किंवा दुसऱ्या कोणाला आत घेता येत नाही. नव्याने जोडलेल्या ओनरला पहिले सात दिवस मुख्य मालकी स्वतःकडे घेणं किंवा दुसऱ्याला काढणं अशी कामं जमत नाहीत. हस्तांतर करायचं असेल तर तेवढा आठवडा हिशेबात धरा.

दुकान जुनं असेल तर बहुधा ते मॅपवर आधीच असतं, कोणीतरी गिऱ्हाइकाने टाकलेलं. मग नवं उघडायचं नाही, त्याच्यावरच मालकी सांगायची. दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असेल तर 'रिक्वेस्ट ॲक्सेस' करायचं. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. तो गप्प बसला तर पडताळणी करून ताबा घेण्याचा पर्याय पुष्कळदा मिळतो.

बोर्ड, कागद आणि प्रोफाइल

मला या लेखात मुळात सांगायचंय ते हेच. सस्पेंड झालेली जी दुकानं मी पाहतो, त्यांतल्या खऱ्या दुकानांची अडचण बहुतेक वेळा एकच असते: बोर्डावर एक नाव, गुमास्त्यावर (दुकानाच्या सरकारी नोंदीच्या कागदावर) दुसरं, लाइटबिलावर तिसऱ्याच माणसाचं आणि गूगलवर चौथं. प्रत्यक्ष गल्लीत हे कोणाला खटकत नाही, कारण सगळे तुम्हाला ओळखतात. गूगलचा तपासणारा तुम्हाला ओळखत नाही. तो फक्त अक्षरं जुळवतो.

म्हणून प्रोफाइल उघडण्याआधी एका दुपारी सगळे कागद टेबलावर मांडा आणि नाव व पत्ता अक्षरशः बोट ठेवून वाचा.

गुमास्ता हा मुंबईतला सगळ्यात कामाचा कागद. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानंतर ही नोंद ऑनलाइन होते. कामगार किती आहेत त्यावर पूर्ण नोंदणी करायची की नुसती सूचना द्यायची हे ठरतं. छोट्या दुकानाला सूचनेची पावती मिळते. तिच्यावर दुकानाचं नाव आणि पत्ता असतो, त्यामुळे ती जपून ठेवा.

उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे. आधार आणि ओटीपीवर होते, तीही फुकट. (तिचे हजार-दोन हजार घेणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत.) घरून धंदा करणाऱ्यांना हा कागद फार उपयोगी पडतो, कारण त्यात धंद्याचं नाव आणि युनिटचा पत्ता दोन्ही येतात.

जीएसटीच्या प्रमाणपत्रात एक मेख आहे. मालकी एकाच माणसाची असेल तर 'लीगल नेम' म्हणजे त्या माणसाचं नाव असतं. दुकानाचं नाव 'ट्रेड नेम'च्या रकान्यात यायला हवं. अर्ज भरताना घाईत तो रकाना मोकळा राहिला, किंवा तिथेही माणसाचंच नाव पडलं, तर सर्टिफिकेटवर दुकानाचा पत्ताच लागत नाही. आधी सीएकडून दुरुस्ती करून घ्या, मग ते सर्टिफिकेट पुरावा म्हणून वापरा. दुसरी शाखा असेल तर ती 'अतिरिक्त ठिकाण' म्हणून त्यात चढलेली हवी.

खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा कागद. घरगुती डबेवाल्यांनाही तो लागतोच.

आता लाइटबिल. शहरात बेस्टचं, उपनगरात अदानीचं किंवा टाटाचं, मुलुंड-भांडुपकडे महावितरणचं. पत्ता सिद्ध करायला बिल उत्तम, पण पागडीच्या (जुन्या भाडेपद्धतीच्या) जागेत मीटर अजून आजोबांच्या नाहीतर घरमालकाच्या नावावर असतं. असं बिल एकट्याने पाठवून उपयोग नाही. सोबत भाडेपावती किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लावा, म्हणजे बिलावरचं नाव आणि तुमचं नाव यांचा संबंध दिसेल. दुकानात धंद्याच्या नावाने इंटरनेट किंवा फोन घेतलेला असेल तर ते बिल याहून सोपं पडतं. नसेल, तर पुढचं कनेक्शन घेताना दुकानाच्या नावाने घ्या.

पत्त्याची मुंबईतली गंमत वेगळीच. एका कागदावर 'शॉप नंबर ३', दुसऱ्यावर 'गाळा क्र. ३', तिसऱ्यावर नुसतं चाळीचं नाव. रस्त्याचं नाव बदललेलं, पण कागदावर जुनंच. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, तरी त्या भागातल्या किती बिलबुकांवर अजून जुनं नाव छापलेलं सापडेल! पिन कोड आणि पूर्व-पश्चिम यांत तर चूक परवडतच नाही. दादर पश्चिम ४०००२८ आणि दादर पूर्व ४०००१४; एक आकडा चुकला की गिऱ्हाईक पुलाच्या भलत्या बाजूला उतरतं. सगळ्यात पक्क्या कागदावर, म्हणजे बहुधा गुमास्त्यावर, जसा पत्ता आहे तसाच प्रोफाइलमध्ये टाका. मॅपवरची पिन मात्र हाताने ओढून नेमकी दुकानाच्या शटरवर आणून ठेवा. गूगल ती पुष्कळदा सोसायटीच्या मधोमध टाकतं, आणि दुकान असतं मागच्या गल्लीत.

मग बोर्ड. मुंबईत मराठी पाट्यांचा नियम आहे. नाव देवनागरीत हवं आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर बहुतेक दुकानांनी पाट्या बदलल्या. पण त्या धांदलीत कित्येकांनी इंग्रजी नाव पाटीवरून पूर्णच काढून टाकलं, आणि गुमास्ता, जीएसटी, प्रोफाइल सगळं इंग्रजीत राहिलं. मराठी न वाचणाऱ्या तपासनिसाला मग पाटीचा आणि कागदाचा मेळ लागत नाही. उपाय साधा: वर ठसठशीत मराठी, खाली लहान अक्षरांत इंग्रजी, कागदावर आहे त्याच स्पेलिंगने. कायदाही पाळला जातो आणि पुरावाही तयार होतो. फ्लेक्स चालेल का, असं विचारतात. खिळ्याला टांगलेला, उद्या काढता येईल असा फ्लेक्स पडताळणीत कच्चा पडतो. भिंतीला पक्का बसवलेला बोर्ड हवा.

भरताना

नाव: बोर्डावर आहे ते आणि तेवढंच. 'श्री अमुक मसाले – बेस्ट मालवणी मसाला लालबाग परळ होलसेल' असलं काही नको. शेजाऱ्याने असं नाव टाकून वर जागा मिळवलेली दिसते, हे खरं आहे. पण त्याची तक्रार कोणीही करू शकतं आणि एक दिवस ती होते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं मध्ये रेघ मारून एकाच रकान्यात कोंबू नका.

कॅटेगरी: एक मुख्य, शिवाय नऊपर्यंत जास्तीच्या. मुख्य कॅटेगरीवरच तुम्ही कोणत्या शोधात दिसणार हे बरंचसं ठरतं, म्हणून तिच्यावर वेळ घाला. बाकीच्या दोन-तीन पुरेत. नऊ आहेत म्हणून नऊ भरायच्या नसतात.

वेळा खऱ्या टाका. दुपारी एक ते चार बंद असता ना? मग दोन सत्रं वेगळी टाकता येतात. गणपतीत गावाला जाणार असाल तर 'विशेष वेळा'मध्ये ते दिवस बंद दाखवा. फोन नंबर दुकानाचा असावा. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात वेबसाइटची लिंक चालत नाही.

पडताळणीचा व्हिडिओ

पूर्वी धंद्याच्या पत्त्यावर कोड असलेलं पत्र यायचं. आता बहुतेक नव्या दुकानांना व्हिडिओ मागतात. कोणती पद्धत मिळणार हे गूगल ठरवतं, तुम्ही नाही. व्हिडिओ एकसलग हवा, न तोडलेला, न जोडलेला, कमीत कमी ३० सेकंदांचा. माझ्या मते दीड-दोन मिनिटं बरी. त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: दुकान कुठे आहे, तिथे कसला धंदा चालतो, आणि तुम्हीच तो चालवता.

आधी फोन न काढता एकदा चालून पाहा. मग असं: नाक्यावर उभं राहून रस्त्याच्या नावाची पाटी किंवा ओळखीचं काही घ्या. फोन खाली न करता चालत दुकानापर्यंत या. बोर्डावर थांबा, मनातल्या मनात पाच मोजा, अक्षरं स्पष्ट आली पाहिजेत. शटर बंद असू द्या. स्वतःच्या चावीने कुलूप उघडा आणि शटर वर करा, हे सगळं एकाच हाताने. (म्हणून कुलपाला आदल्या दिवशी तेल घाला. मुंबईच्या पावसात अडकलेलं कुलूप कॅमेऱ्यासमोर उघडत नाही आणि बघणाऱ्याला भलताच संशय येतो.) आत गेल्यावर माल, मशीन, काउंटर. भिंतीवर फ्रेम करून लावलेला गुमास्ता, नाव वाचता येईल इतक्या जवळून. बिलबुक किंवा शिक्का, नाव दिसेल असा. मग काउंटरच्या आतल्या बाजूला जा, गल्ला उघडा, जिथे गिऱ्हाईक जाऊ शकत नाही अशी जागा दाखवा. तीच तुमच्या मालकीची खूण.

लोकांचे चेहरे, आधार कार्ड, बँकेचा खाते क्रमांक यातलं काही येऊ देऊ नका. दादरच्या रानडे रोडसारख्या गर्दीच्या ठिकाणी सकाळी आठच्या आत उरकून घ्या, नंतर फेरीवाले आणि गर्दीतून बोर्डसुद्धा दिसत नाही. अपलोड होईपर्यंत ॲप बंद करू नका. गाळ्यात नेटवर्क नसेल तर आधीच वायफायची सोय बघा.

घरून काम करणाऱ्यांनी इमारतीचं नाव, घराचं कुलूप, आणि मग धंद्याची साधनं दाखवायची. डबेवाल्या काकूंसाठी एफएसएसएआयचा कागद, मोठी भांडी, नावाची लेबलं लावलेले डबे. इलेक्ट्रिशियनसाठी हत्यारांची पेटी आणि नाव छापलेलं बिलबुक. निकाल साधारण पाच कामकाजी दिवसांत येतो.

या काळात एक फोन येईल. 'गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग एक्स्पायर होतंय, ओटीपी सांगा' किंवा 'पहिल्या नंबरवर आणतो, इतके भरा'. पडताळणीचा कोड गूगल कधी फोनवर विचारत नाही, आणि पहिला नंबर विकतही मिळत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा.

चालू झाल्यावर छेडछाड कमी

नाव, पत्ता, फोन आणि कॅटेगरी एकाच दिवशी बदलली तर यंत्रणेला वाटतं दुकान कोणीतरी पळवलं. एका वेळी एकच बदल करा, तो मंजूर झाला की पुढचा. पंधरा दिवसांतून एकदा प्रोफाइल उघडून बघा, कारण कोणीही 'सजेस्ट ॲन एडिट' करून तुमच्या वेळा बदलू शकतो किंवा दुकान 'कायमचं बंद' म्हणू शकतो, आणि गूगल ते कधीकधी मानतंही.

रिव्ह्यूसाठी सूट, पेढा, वडापाव, काहीही देऊ नका. नियमात बसत नाही. खोट्या रिव्ह्यूंचा संशय आला तर काही काळ नवे रिव्ह्यू बंद होतात, जुने दिसेनासे होतात आणि प्रोफाइलवर तशी पाटीही लागू शकते. बिल देताना 'जमलं तर दोन शब्द लिहा' म्हणणं चालतं. फक्त खूश गिऱ्हाइकालाच विचारून नाराजाला टाळणंही नियमाबाहेर आहे, हे फार जणांना माहीत नसतं.

रिडेव्हलपमेंटमध्ये गेलेल्या दुकानांसाठी: जुनं दुकान रिकामं केल्यावर आणि नवीन जागा चालू होईपर्यंत 'तात्पुरतं बंद' लावा. पर्यायी गाळ्यात बोर्ड लागला, गुमास्त्यावर पत्ता बदलला, की त्याच प्रोफाइलवर पत्ता बदला. पुन्हा व्हिडिओ मागतील, देऊन टाका. नवं प्रोफाइल उघडलंत तर वर्षांचे रिव्ह्यू जुन्यावर राहतील आणि दोघंही एकमेकांना डुप्लिकेट ठरवतील.

सस्पेंड झालं तर

आधी मेल खरा आहे का बघा. मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. स्वतः लॉगिन करून प्रोफाइल पाहा. सस्पेंड असेल तर तिथे तसं लिहिलेलं असतं. मग इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या लॉगिन नसलेल्या खिडकीत, दुकान शोधा. लोकांना अजून दिसतंय पण तुम्हाला बदल करता येत नाहीत, की मॅपवरून सरळ गायबच झालंय? दुसरा प्रकार जास्त गंभीर. तिसरी शक्यता म्हणजे दुकान ठीक आहे, पण तुमच्या जीमेलवरच बंधन आलंय. तसं असेल तर अपील खात्यासाठी करायचं असतं.

अपिलाचं बटण अजून दाबू नका.

कारण शोधा. गूगलच्या अपील टूलमध्ये खातं आणि दुकान निवडलं की कोणत्या धोरणाखाली कारवाई झाली ते दिसतं. भाषा मोघम असते, 'फसवा मजकूर' वगैरे. मनाला लावून घेऊ नका, तो ठरावीक शब्द आहे. आपल्याकडे खरी कारणं साधारण ही निघतात: नावात जास्तीचे शब्द, घराचा पत्ता उघडा ठेवलेला, भाड्याचा नुसता कागदी पत्ता, एकाच गाळ्यात वडिलांचं शिलाईचं दुकान आणि मुलाचं मोबाइल रिपेअर, दोघांचा फोन एकच आणि बोर्ड एकच, नुकतेच केलेले बरेच बदल, किंवा आधीच्या एजन्सीचं बंदी आलेलं खातं अजून मॅनेजर म्हणून चिकटलेलं. कुलूपवाले, प्लंबर अशा धंद्यांत खोट्या नोंदी फार झाल्यामुळे खऱ्यांवरही नजर कडक असते.

मग दुरुस्त करा. सस्पेंड असतानाही प्रोफाइलमधले रकाने पुष्कळदा बदलता येतात. नाव बोर्डाप्रमाणे, पत्ता कागदाप्रमाणे, नको असलेले मॅनेजर बाहेर. बाप-लेकाच्या गाळ्यात दोन बोर्ड, दोन गुमास्ते, दोन फोन करा. ते शक्य नसेल तर एकच प्रोफाइल ठेवा.

मग पुरावे एका फोल्डरमध्ये गोळा करा. गुमास्ता, उद्यम किंवा जीएसटी, लाइट किंवा इंटरनेटचं ताजं बिल. व्हॉट्सॲपवरून फिरलेला पुसट फोटो नको, स्कॅन किंवा मूळ पीडीएफ हवी. फायलींना नाव द्या: गुमास्ता, लाइटबिल, बोर्ड. 'आयएमजी ४५७१' नव्हे. सोबत बोर्डाचा, आतला आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या दुकानाचा फोटो.

हे आधी करायचं कारण: अपील पाठवलं की पुरावे जोडायचा फॉर्म उघडतो आणि तो फक्त ६० मिनिटं उघडा असतो. तेवढ्यात गुमास्ता माळ्यावरच्या ट्रंकेत शोधत बसलात तर अपील बिनपुराव्याचं जातं. कित्येकांच्या लक्षातच येत नाही की पुरावे जोडायला वेगळं बटण आहे. 'सबमिट' झालं म्हणून ते खिडकी बंद करतात. बंद करू नका, 'ॲड एव्हिडन्स' दाबा.

मजकूर चार-पाच वाक्यांचा, रडगाणं नको. साधारण असा (पाठवायचा साध्या इंग्रजीत, इथे समजायला मराठीत):

'आमचं शिलाईचं दुकान गिरगावात या पत्त्यावर अमुक सालापासून आहे. प्रोफाइलच्या नावात बोर्डावर नसलेले शब्द होते, ते काढले आहेत. आता नाव बोर्ड, गुमास्ता आणि जीएसटी यांच्याप्रमाणेच आहे. सोबत गुमास्ता, जीएसटी प्रमाणपत्र, गेल्या महिन्याचं बेस्टचं बिल आणि बोर्डाचा फोटो जोडला आहे. बिल घरमालकांच्या नावावर असल्याने भाडेपावतीही दिली आहे.'

चूक काय होती, काय बदललं, पुरावा कोणता, एवढंच. 'आमचं नुकसान होतंय', 'शेजाऱ्याने कट केला', यातलं काहीही तपासणाऱ्याच्या कामाचं नाही.

वाट बघताना

पाच कामकाजी दिवसांचा अंदाज धरा, पण जास्तही लागतात. त्याच टूलमध्ये अपिलाची स्थिती दिसते. मधल्या काळात दुसरं अपील, नवं प्रोफाइल, नव्या जीमेलवरून प्रयत्न, काही नको. हे दिवस दुसरीकडे वापरा: जस्टडायल, बिंग प्लेसेस, ॲपल मॅप्स आणि मॅपल्स (मॅपमायइंडियाचा नकाशा) इथे तेच नाव, तोच पत्ता, तोच फोन टाका किंवा जुळवून घ्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पत्ता आणि दुकानाच्या दाराचा फोटो पाठवून ठेवा.

नामंजूर झालं तर आणखी एकदा पुनर्विचाराची विनंती करता येते. ही शेवटची गोळी समजून झाडा. तेच कागद पुन्हा पाठवले तर उत्तरही तेच येईल. आधी नव्हतं असं काहीतरी हवं: दुरुस्त ट्रेड नेमचं सर्टिफिकेट, दुकानाच्या नावाचं नवं बिल, पक्का बसवलेला बोर्ड. ते मिळायला महिना लागणार असेल तर महिना थांबा. आणि पत्ता मुळातच कागदी असेल, तर कितीही कागद जोडले तरी ते व्हायचं नाही. खऱ्या जागेवरून, पत्ता लपवून सेवा देणारा धंदा म्हणून नोंद करता येते का ते बघा.

मंजूर झाल्याचा मेल आल्यावर मॅपवर दिसायला थोडा वेळ जातो. जुने रिव्ह्यू त्याच प्रोफाइलवर बहुधा परत येतात, पण लगेच नाही. आठवडाभरात आले नाहीत तर सपोर्टला कळवा. व्हिडिओ पडताळणी पुन्हा मागितली तर वर दिलंय तसंच करा. पिन, वेळा आणि फोन तपासा, ओनर-मॅनेजरची यादी पाहा, आणि अपिलाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून गुमास्त्याच्या फाइलीत ठेवून द्या.